शनीचा कॅमेरा आणि कॅरोलिन पोर्को

उल्का_पुणे :

शनीवर धागा काढला की पाचव्या प्रतिसादाच्या आत साडेसाती येते, हे गृहीत धरूनच लिहायला बसले आहे. येऊ दे. मला लिहायचंय ते कॅरोलिन पोर्कोबद्दल. कॅसिनी यानाने तेरा वर्षं शनीभोवती फिरून जे फोटो पाठवले, जे इथल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी वॉलपेपर म्हणून लावले असतील, त्या कॅमेऱ्यांच्या टीमची ही प्रमुख. कार्ल सेगनबद्दल मराठीत पुष्कळ वाचायला मिळतं. हिच्याबद्दल माझ्या वाचनात तरी दोन-चार ओळींपलीकडे काही आलं नाही, आणि त्या ओळीही "शनीचे सुंदर फोटो काढणारी शास्त्रज्ञ" अशा थाटाच्या. माझं भांडण त्या 'सुंदर'शी आहे. ही बाई फोटोंपर्यंत पोचली ती कड्यांच्या गणितातून, आणि फोटो तिने कायम मोजमापासाठी वापरला. देखणा निघाला तर दुधात साखर.

जन्म १९५३ चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातला, इटालियन वंशाचं कुटुंब. वयात येताना धर्म, तत्त्वज्ञान, आपण इथे कशाला आलो असल्या प्रश्नांनी तिला पछाडलं होतं आणि त्यातून ती आकाशाकडे वळली, असं ती मुलाखतींत सांगते. १९७४ ला स्टोनी ब्रूकमधून पदवी, मग पुढच्या शिक्षणाला कॅलिफोर्नियातली कॅलटेक संस्था. ती तिथे असतानाच नासाची यानं व्हॉयेजर १ (नोव्हेंबर १९८०) आणि व्हॉयेजर २ (ऑगस्ट १९८१) शनीजवळून गेले आणि माहितीचा ढीग येऊन पडला.

त्या ढिगात एक चमत्कारिक प्रकार होता. शनीच्या 'बी' कड्यावर आतून बाहेर जाणारे काळपट पट्टे दिसत होते, चाकाचे आरे म्हणावेत असे. आता अडचण अशी, की कड्याचा आतला भाग बाहेरच्या भागापेक्षा जोरात फिरतो. म्हणजे असा सरळ पट्टा काही तासांत तिरका होऊन विस्कटला पाहिजे. तरी नवे आरे उमटतच होते. पोर्कोने फोटोमागून फोटो घेऊन ते कधी ठळक होतात आणि कधी फिके, याची नोंद केली आणि त्यातून आवर्तनाचा काळ काढला. तो काळ शनीच्या चुंबकीय क्षेत्राच्या फिरण्याशी जुळला. म्हणजे नुसत्या गुरुत्वाकर्षणाने हे कोडं सुटणार नव्हतं, बारीक धुळीवरच्या विद्युतभाराचा त्यात हात होता. १९८२ चा हा शोधनिबंध आहे. सौंदर्यदृष्टीचा प्रश्नच नाही, निव्वळ मोजणी.

१९८३ ला पीएचडी. मार्गदर्शक पीटर गोल्डराइक, कड्यांच्या गतिशास्त्रातला दादा माणूस. त्याच वर्षी ॲरिझोना विद्यापीठात नोकरी आणि व्हॉयेजरच्या फोटो टीममध्ये प्रवेश. युरेनसचं एप्सिलॉन कडं इतकं अरुंद आणि रेखीव का राहतं? कॉर्डेलिया आणि ऑफेलिया हे दोन चिमुकले चंद्र त्याला दोन्ही बाजूंनी दाबून ठेवतात म्हणून. हे गणित गोल्डराइक आणि पोर्कोने मांडलं. १९८९ मध्ये व्हॉयेजर २ नेपच्यूनला पोचलं तेव्हा कड्यांच्या गटाची सूत्रं तिच्याकडेच होती.

१९९० साली दोन गोष्टी घडल्या. १४ फेब्रुवारीला व्हॉयेजर १ ने सुमारे ६ अब्ज किलोमीटरवरून मागे वळून ग्रहांचे ६० फोटो घेतले. त्यातला पृथ्वीचा फिकट निळा ठिपका सगळ्यांना माहीत आहे. सेगनचं नाव झालं आणि ते रास्तच आहे, अनेक वर्षं तो नासाच्या मागे लागला होता. पण पोर्कोने ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती, आणि कुठला ग्रह किती सेकंद उघडा कॅमेरा ठेवून टिपायचा याची आखणी जेपीएलच्या (नासाची यानं चालवणारी प्रयोगशाळा) कॅन्डिस हॅन्सन आणि पोर्को यांनी केली. दुसरी गोष्ट नोव्हेंबरमधली. कॅसिनीच्या फोटो टीमची प्रमुख म्हणून तिची निवड झाली. वय ३७.

पुढे काय, तर वाट पाहणं. उड्डाण १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये, गुरूजवळून जाताना २००० च्या डिसेंबरात कॅमेऱ्याची रंगीत तालीम, आणि शनी गाठला १ जुलै २००४ ला. निवडीपासून जवळजवळ चौदा वर्षं. उमेदीचा एवढा काळ एका उपकरणावर लावायचा, आणि त्या दिवशी इंजिन ९६ मिनिटं नीट चाललं नसतं तर सगळं मुसळ केरात!

इंजिन चाललं. नंतरच्या शोधांची यादी लांबलचक आहे: कड्यांमधले आणि कड्यांबाहेरचे नवे छोटे चंद्र, टायटनच्या दक्षिण ध्रुवाजवळचं हायड्रोकार्बनचं तळं, २००९ च्या विषुवदिनाला तिरप्या उन्हात कड्यांवर पडलेल्या सावल्या. मी फक्त एन्सेलॅडसवर थांबते. जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा बर्फाचा चंद्र. एवढीशी वस्तू कधीच थंडगार होऊन गेलेली असायला हवी. त्याच्या दक्षिण ध्रुवावर चार लांब समांतर भेगा सापडल्या, आणि २७ नोव्हेंबर २००५ च्या फोटोंत त्या भेगांतून अवकाशात उडणारे फवारे स्वच्छ दिसले. हे फोटो मुद्दाम अशा जागेवरून घेतले होते, की सूर्य चंद्राच्या मागे असेल. बर्फाचे अतिसूक्ष्म कण उजेड पुढच्या दिशेला फेकतात, त्यामुळे समोरून ते दिसतच नाहीत, प्रकाशाच्या विरुद्ध बाजूला गेलं की उजळतात. कुठून बघायचं हे आधी ठाऊक असावं लागतं. मार्च २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये निबंध आला. २०१४ पर्यंत तिच्या गटाने असे १०१ फवारे एकेक करून नकाशावर मांडले होते.

असो. बाकीचं प्रतिसादांत.

निमूट वाचक :

छान लिहिलंय. पुढचा भाग कधी?

उल्का_पुणे :

एवढाच आहे हो. पुढचा भाग तुम्ही लोक लिहा.

गडबडगुंडा :

ही तीच ना, गुरूवर आदळलेला धूमकेतू शोधणारी? शूमेकर-लेव्ही?

वांगणीची दुर्बीण :

नाही, ती कॅरोलिन शूमेकर. वयाच्या पन्नाशीनंतर आकाशात शोध घ्यायला लागली आणि ३२ धूमकेतू शोधून २०२१ मध्ये गेली. तिच्यावर वेगळा धागा हवा. पण दोघींमध्ये एक दुवा आहे. कॅरोलिनचे यजमान जीन शूमेकर कॅलटेकला पोर्कोचे शिक्षक होते. चंद्रावर जायचं त्यांचं फार मनात होतं, तब्येतीमुळे राहून गेलं. जुलै १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात मोटार अपघातात ते गेले, तेव्हा त्यांची रक्षा चंद्रावर पाठवायची कल्पना पोर्कोने काढली आणि तडीलाही नेली. 'लुनार प्रॉस्पेक्टर' यानात छोटी कुपी ठेवली, तिच्याभोवती पितळी पत्रा गुंडाळला. त्यावर हेल-बॉप धूमकेतूचं चित्र, ॲरिझोनातल्या अशनीविवराचं चित्र आणि शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधल्या ओळी. यानाचं उड्डाण जानेवारी १९९८ चं. ३१ जुलै १९९९ ला ते चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ मुद्दाम आदळवलं. आपल्या मास्तरांसाठी इतकं करणारी विद्यार्थिनी मिळायला भाग्य लागतं.

लोहचुंबक :

लेख आवडला, पण एन्सेलॅडसच्या बाबतीत उल्काताईंनी कॅमेऱ्याच्या पारड्यात जरा जास्तच वजन टाकलंय. पहिली कुणकुण लागली ती चुंबकमापीला. २००५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कॅसिनी दोनदा एन्सेलॅडसजवळून गेलं, तेव्हा शनीच्या चुंबकीय रेषा त्या चंद्राभोवती वळल्यासारख्या दिसल्या. म्हणजे तिथे काहीतरी वायू आहे. त्या टीमची प्रमुख लंडनच्या इम्पिरियल कॉलेजची मिशेल डॉगर्टी. तिने मोहिमेच्या लोकांना पटवलं की पुढच्या वेळी यान बरंच खाली न्या. जुलैमध्ये ते सुमारे १७५ किलोमीटरवरून गेलं, आणि मग एकेका उपकरणाने साक्ष दिली: अवरक्त उपकरणाला ध्रुव गरम सापडला, दुसऱ्याला पाण्याची वाफ, तिसऱ्याला बर्फाचे कण. फोटो आले नोव्हेंबरात. पण जगाला लक्षात राहिला तो फोटोच. चुंबकीय रेषांचा आलेख कोण वॉलपेपर म्हणून लावणार?

डॉगर्टीला २०२५ मध्ये ब्रिटनच्या राजखगोलज्ञाचा मान मिळाला, त्या पदावरची ती पहिली स्त्री. तेव्हा न्याय अगदीच झाला नाही असं नाही.

उल्का_पुणे :

@लोहचुंबक, मान्य. लेखात चुंबकमापीचा उल्लेख हवाच होता आणि तुम्ही तो माझ्यापेक्षा चांगला केलात. एक भर मात्र घालते. २००५ च्या सुरुवातीच्या काही फोटोंतही दक्षिण ध्रुवावर फिकट झाक दिसली होती. पण कॅमेऱ्यात इकडचा-तिकडचा उजेड शिरला की अगदी तसाच डाग उमटू शकतो. पोर्कोच्या टीमने खात्री होईपर्यंत ती बातमी फोडली नाही. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतला हा मोठा निर्णय आहे, 'आधी आम्ही पाहिलं' म्हणायची संधी हातात असताना गप्प राहण्याचा. फवारे कुणी शोधले याचं खरं उत्तर 'कॅसिनीने' एवढंच आहे.

निवृत्त उपकरणवाला :

मी आयुष्यभर कारखान्यात मोजमापाची उपकरणं लावली, त्यामुळे माझा रस वेगळा. तेव्हा कॅमेऱ्याबद्दल थोडं.

कॅसिनीवर दोन कॅमेरे होते. एक २ मीटर नाभीय अंतराचा, लांबचं टिपणारा. दुसरा २०० मिमीचा, रुंद दृश्यासाठी, आणि याची भिंगं व्हॉयेजरच्या वेळची राखीव ठेवलेली वापरली होती. पैसे वाचवायला जुनं सामान काढणं तिकडेही चालतं म्हणायचं! दोन्हींचा संवेदक १०२४ × १०२४ चा, म्हणजे मेगापिक्सेल एक. आणि कृष्णधवल. रंगीत फोटो हवा तर लाल, हिरवा, निळा असे फिल्टर फिरवून एकामागोमाग एक तीन फोटो घ्यायचे आणि इथे आल्यावर एकत्र करायचे. त्या मधल्या वेळात यान पुढे सरकलेलं, चंद्र पुढे सरकलेला. ते सगळं जुळवायचं काम कोलोरॅडोत बोल्डर इथल्या पोर्कोच्या प्रयोगशाळेत होई.

खरी मारामारी मात्र वेगळीच. मूळ आराखड्यात कॅमेरे फिरत्या पाटावर बसवायचे होते, व्हॉयेजरसारखे. १९९२ च्या सुमारास काटकसरीत तो पाट उडाला आणि सगळी उपकरणं यानाच्या अंगालाच ठोकली. परिणाम असा, की कॅमेऱ्याला डावीकडे बघायचं तर अख्खं यान वळवायचं. रडारला खाली बघायचंय, अवरक्तवाल्यांना तासभर एकाच जागी थांबायचंय, आणि फोटो पृथ्वीवर पाठवायचे तर अँटेना आपल्याकडे, म्हणजे निरीक्षण बंद. यानावर १२ उपकरणं, दावेदार १२ टीम. कुठल्या मिनिटाला कोण बघणार याचं वाटप वर्षं-वर्षं आधी बैठकांत ठरे. अशा बैठकीत आपल्या कॅमेऱ्यासाठी मिनिटं मिळवणं हे टीमप्रमुखाचं काम. ज्यांनी कधी कारखान्यात तीन खात्यांमध्ये एक क्रेन वाटून घेतलीय त्यांना कळेल. :)

मीनल_ठाणे :

फार माहितीपूर्ण चर्चा. एक प्रश्न. बाई म्हणून तिला काय त्रास झाला असेल? त्या काळी या क्षेत्रात बायका होत्या तरी किती?

उल्का_पुणे :

मीनल, तिच्या वाट्याला नेमकं काय आलं यावर मी अंदाजपंचे लिहिणार नाही. दिसतं ते सांगते. कॅसिनीत फोटो टीम पोर्कोकडे, चुंबकमापी डॉगर्टीकडे, आणि २०१० पासून शेवटपर्यंत मोहिमेची मुख्य वैज्ञानिक लिंडा स्पिल्कर. या पिढीतल्या बऱ्याच जणी व्हॉयेजरमध्ये तयार झाल्या, स्पिल्करसुद्धा. एका मोहिमेने पुढच्या मोहिमेची माणसं घडवली, हे मला जास्त लक्षात ठेवण्यासारखं वाटतं.

शुक्रतारा :

व्हॉयेजरमधल्या बायका म्हणताय तर लिंडा मोराबिटोला विसरू नका. ही फोटो टीममध्येसुद्धा नव्हती, जेपीएलमध्ये यानाच्या मार्गाची आखणी करणारी इंजिनिअर. मार्च १९७९ मध्ये यान नेमकं कुठे आहे ते ताडायला तिने गुरूच्या आयो या चंद्राचा फोटो उजळून पाहिला. मागचे अंधूक तारे दिसावेत म्हणून तो जास्त वेळ उघडा ठेवून घेतलेला. तर आयोच्या कडेला छत्रीच्या आकाराचा ढग! ज्वालामुखीचा उद्रेक निघाला, पृथ्वीबाहेर पाहिलेला पहिला जिवंत उद्रेक. गंमत म्हणजे पील, कॅसेन आणि रेनॉल्ड्स या तिघांनी गुरूच्या ओढाताणीने आयो आतून वितळत असणार असा निबंध जेमतेम आठवडाभर आधी छापला होता. एन्सेलॅडसचं इंजिनही त्याच जातीचं: शनीच्या भरती-ओहोटीने चंद्र सतत मळला जातो.

आपल्याशी संबंध असलेलं नाव हवं असेल तर कार्ले पीटर्स. चांद्रयान-१ वर नासाचं जे खनिज-नकाशा उपकरण गेलं, त्याची ती प्रमुख. २००९ मध्ये चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा सापडल्या त्या यातूनच.

काळा घोडा, पांढरा शनी :

साडेसाती. (पाचव्या प्रतिसादात यायची होती, लोकलला उशीर झाला.)

आडवा छेद :

भौतिकशास्त्राचा विद्यार्थी आहे, म्हणून माझ्या आवडीचं एक काम सांगतो. लेखात ते नाही आणि पोर्कोचं सगळ्यात चलाख काम हेच, असं माझं मत.

१९९३ मध्ये मार्क मार्ली आणि पोर्को यांनी एक निबंध लिहिला. शनी आतून थरथरत असणार, ठोका दिलेली घंटा थरथरते तसा. ही थरथर प्रत्यक्ष मोजणं अशक्य, कारण शनीला धरायला पृष्ठभागच नाही. पण थरथरीमुळे शनीचं गुरुत्वाकर्षण किंचित कमी-जास्त होत राहणार, आणि कड्याच्या ज्या अंतरावर कणांच्या फेरीचा ताल त्या थरथरीशी जुळेल तिथे लाटा उठणार. म्हणजे कडं हाच भूकंपमापक. व्हॉयेजरला 'सी' कड्यात कारण न कळलेल्या लाटा दिसल्या होत्या, त्या याच असाव्यात असं त्यांनी म्हटलं.

मग वीस वर्षं काही नाही. व्हॉयेजरच्या माहितीत तपासण्याइतका बारकावा नव्हता. २०१३ मध्ये हेडमन आणि निकोल्सन यांनी कॅसिनीच्या दुसऱ्याच एका उपकरणाने, कड्यांमागून जाणाऱ्या ताऱ्यांचा उजेड कसा लुकलुकतो ते पाहून, त्या लाटा किती पाकळ्यांच्या आणि किती वेगाने फिरतात हे मोजलं. भाकीत बरोबर निघालं! आणि २०१९ मध्ये याच लाटांवरून शनीचा दिवस काढला: १० तास ३३ मिनिटं ३८ सेकंद. तोवर शनीचा दिवस नक्की किती हेच ठरत नव्हतं, कारण चुंबकीय क्षेत्र त्याच्या अक्षाशी जवळजवळ तंतोतंत जुळलेलं आहे आणि पकडायला डगमग सापडत नाही. या सगळ्यात फोटो कुठेच नाही, हे विशेष. उल्काताईंच्या मुद्द्याला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

लोहचुंबक :

वा! हे माहीत नव्हतं. पण आरती चालूच आहे तर थोडा काडीचा उद्योग करतो. नेपच्यूनची कडी सलग जाड नाहीत, एका कड्यात काही ठिकाणी दाट कमानी आहेत. त्या पसरून का जात नाहीत, याचं उत्तर पोर्कोने १९९१ मध्ये दिलं: गॅलाटिया या चंद्राच्या अनुनादाने, म्हणजे दोघांच्या फेऱ्यांचा ताल जुळल्याने, त्या जागच्या जागी अडकल्यात. १९९९ पर्यंत हबल आणि जमिनीवरच्या दुर्बिणींनी पाहिलं तर कमानींचा वेग त्या हिशोबात नीट बसेना. नंतर तर त्यातल्या काही फिक्या होत चाललेल्या दिसल्या. थोडक्यात ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.

आडवा छेद :

बरोबर. गॅलाटियाचा हात असावा, पण मूळ हिशोब जसाच्या तसा नाही. नेपच्यूनला पुन्हा यान जाईपर्यंत हे असंच लोंबकळणार.

एडिसनकर :

१९ जुलै २०१३ चा उल्लेख कुणीच केला नाही? कॅसिनी शनीच्या सावलीत जाणार आणि तिथून पृथ्वीचा फोटो निघणार, हे पोर्कोने आधीच जाहीर करून लोकांना सांगितलं होतं, की त्या वेळी बाहेर पडा, वर बघा, हसा. इकडे न्यू जर्सीत संध्याकाळचे साडेपाच वाजत होते. आम्ही ऑफिसातले चार देशी आणि एक वैतागलेला मॅनेजर पार्किंगमध्ये उभे राहून हात हलवत होतो. फोटोत पृथ्वी म्हणजे १.४४ अब्ज किलोमीटरवरचा ठिपका, हे माहीत असूनही. पूर्ण चित्र नोव्हेंबरात आलं, १४१ फोटो जोडून केलेलं.

मीनल_ठाणे :

आणि आपण इकडे?

एडिसनकर :

तुमच्याकडे २० जुलैची पहाट, तीन वाजायच्या सुमाराला. शनीच्या बाजूला तेव्हा अमेरिका आणि अटलांटिक होता. भारत पलीकडे, अंधारात, वर पावसाळी ढग. हसला असतात तरी दिसला नसतात. :D

निमूट वाचक :

कॅसिनी संपल्यावर ती काय करते?

उल्का_पुणे :

१५ सप्टेंबर २०१७ ला कॅसिनी शनीच्या वातावरणात जाळून टाकलं. इंधन संपून भरकटलेलं यान एखाद दिवशी एन्सेलॅडसवर किंवा टायटनवर पडलं आणि आपले जंतू तिथे गेले तर पंचाईत, म्हणून. पोर्कोचं त्याच वर्षीचं काम एन्सेलॅडसवरच्या संभाव्य जीवांबद्दलच आहे. भेगांतून वर येणाऱ्या पाण्यात बुडबुडे फुटतात, त्यांच्याबरोबर सूक्ष्मजीव, असलेच तर, फवाऱ्यात वर ओढले जातील, आणि ते किती दाटीने मिळतील याचा हिशोब तिने दोन सहकाऱ्यांबरोबर मांडला. म्हणजे समुद्र खणायची गरज नाही. फवाऱ्यातून उडत गेलं किंवा पृष्ठभागावर पडणारा बर्फ उचलला तरी नमुना मिळेल. २०२३ मध्ये कॅसिनीच्याच जुन्या माहितीतून त्या कणांत फॉस्फेट सापडलंय, त्यामुळे उत्सुकता आणखी वाढलीय. तिथे परत जायचं, हा तिचा धोशा आहे.

गडबडगुंडा :

एन्सेलॅडस आपल्या दुर्बिणीतून दिसतो का? माझ्याकडे ४ इंची आहे, गच्चीवर धूळ खात पडलेली.

वांगणीची दुर्बीण :

अवघड आहे. त्याची प्रत (तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकं अंधूक) ११.७ च्या आसपास, म्हणजे तशी ४ इंचीच्या आवाक्यात, पण तो कड्यांना इतका चिकटून फिरतो की त्यांच्या झगझगाटात हरवतो. कडी काठावरून दिसत असतात तेव्हा जरा सोपं जातं. २०२५ मध्ये ती तशी होती, आता पुन्हा उघडत चाललीत. ८ इंची तरी हवी, आणि शहराबाहेरचं आकाश. टायटन मात्र तुमच्या ४ इंचीतून सहज दिसेल. आधी धूळ झटका. आरसा असेल तर फडक्याने पुसू नका, फुंकणीने उडवा.